पायथनमध्ये आयपी सबनेटमध्ये आहे का बघणारा कोड: २९ शाखा चालू, ५ बंद, डोकं बंद

सर्वर_सांभाळे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एका पतसंस्थेत आयटी बघतो, म्हणजे आयटी डिपार्टमेंट म्हणजे मीच, प्रिंटरचा टोनरपण मीच बदलतो. आमच्या ३४ शाखा आहेत, प्रत्येक शाखेचं आपापलं सबनेट (म्हणजे आयपी पत्त्यांचा एक गट), आणि रिपोर्ट बघायचं एक छोटं फ्लास्कमधलं (पायथनची वेब फ्रेमवर्क) पोर्टल आहे जे फक्त या सबनेटमधूनच उघडायला पाहिजे. यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये, ती फाइल एक्सेलवरून बनवलेली, आणि एक्सेल शाखांनी स्वतः भरून पाठवलेलं.

आधीच्या माणसाने हाताने लिहिलेला कोड होता. आयपी टिंबावर तोडायचा, चारही तुकड्यांना इंट लावायचं, शिफ्ट करून एक मोठा आकडा बनवायचा आणि मास्क (पत्त्याचा किती भाग सबनेटचा ते सांगणारा, /२४ असा लिहितात तो) लावून बघायचं. चार वर्षं निमूट चालला. मग हेड ऑफिसला नवीन लाइन आली, तिच्यावर आयपीव्ही६ (जुन्या आयपीव्ही४ नंतरची लांब पत्त्यांची पद्धत) आलं, आणि पहिला दोन टिंबवाला (:) पत्ता आल्याबरोबर कोड फुटला. म्हटलं आता हे हाताचं काम बस झालं, पायथनमध्ये आयपीअ‍ॅड्रेस नावाचं तयार मॉड्यूल आहे ते वापरू.

वापरलं. २९ शाखा मस्त चालू, ५ शाखा बंद. एरर काहीच नाही, नुसतं 'प्रवेश नाही'. सकाळपासून फोन खणखणतोय आणि मी बसमध्ये आहे, मोबाईलवरून मराठी कीबोर्डने लिहितोय, कोड रात्री लॅपटॉपवरून टाकतो. होस्ट बिट्सवाली एरर आधी आली होती (कोणीतरी १०.२०.२४.१/२४ असं सबनेटच्या जागी गेटवेचा, म्हणजे राउटरचा पत्ता लिहिलेला), ती स्ट्रिक्ट फॉल्स करून, म्हणजे ती काटेकोर तपासणी बंद करून घालवली. आता काय बघू?

---

खडकाळ_पॉइंटर

एरर काहीच नाही म्हणजे काय? तुमच्या लूपमध्ये ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडणारा भाग) आहे का आणि एक्सेप्टमध्ये कंटिन्यू किंवा पास (एरर सोडून पुढे जा) आहे का, खरं सांगा.

---

सर्वर_सांभाळे

आहे :( व्हॅल्यूएरर आली तर कंटिन्यू. एक्सेलमधून आलेली हेडिंगची ओळ आणि रिकाम्या ओळी टाळायला घातलं होतं.

---

खडकाळ_पॉइंटर

मग हेडिंगबरोबर चार-पाच शाखापण टाळल्या तुम्ही. ते एक्सेप्ट काढा, निदान ओळ नंबर आणि एररचा मजकूर प्रिंट तरी करा.

आणि अजून एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आयपी_नेटवर्क हे फंक्शन आधी आयपीव्ही४ करून बघतं, नाही जमलं तर आयपीव्ही६, आणि दोन्ही नाही जमलं की दोन्हीकडची खरी कारणं गिळून एकच गुळमुळीत वाक्य टाकतं की हे आयपीव्ही४ किंवा आयपीव्ही६ नेटवर्क वाटत नाही. खरं कारण पाहिजे असेल तर थेट आयपीव्ही४नेटवर्क हा क्लास बोलवा, तो कुठला तुकडा का आवडला नाही ते नीट सांगतो.

---

बोरकूट

एवढं कशाला, इज_प्रायव्हेट (पत्ता खाजगी नेटवर्कचा आहे का ते सांगतं) लावा आणि मोकळे व्हा, सगळ्या शाखा १० नंबरच्याच आहेत ना?

---

खडकाळ_पॉइंटर

@बोरकूट, असं करू नका प्लीज. १२७.०.०.१ सुद्धा प्रायव्हेटमध्ये खरं येतं, आणि पोर्टलच्या पुढे त्याच मशीनवर एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी (आलेली विनंती पुढे पाठवणारा सर्वर) असेल तर फ्लास्कला प्रत्येक जण १२७.०.०.१ वरूनच आलेला दिसतो. म्हणजे अख्ख्या जगाला दार उघडं. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं) असेल तर १७२.१७ वाले पत्ते, तेही प्रायव्हेट. एका ठिकाणी हे प्रत्यक्ष पाहिलंय, दोन महिने कोणाच्या लक्षात नाही कारण सगळ्यांचं 'चालत' होतं.

सर्वर_सांभाळे, तुमच्याकडे पुढे प्रॉक्सी आहे का? असेल तर फॉरवर्डेड-फॉर हेडरमधून (विनंती कुठून कुठून आली त्या पत्त्यांची यादी) आयपी घेताना सर्वांत डावीकडचा डोळे मिटून घेऊ नका, तो कोणीही घरून लिहून पाठवू शकतो. तुमच्याच प्रॉक्सीने जोडलेला, म्हणजे उजवीकडचा घ्या.

---

सर्वर_सांभाळे

प्रॉक्सी आहे, उजवीकडचाच घेतोय, तो भाग ठीक आहे. रात्री प्रिंट करून टाकतो.

---

ताम्हण

धागा हायजॅक करतेय सॉरी, पण माझंही याच मॉड्यूलचं आहे म्हणून इथेच विचारते. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. मी इम्पोर्ट आयपीअ‍ॅड्रेस केलं, पुढच्याच ओळीत म्हणतंय की या मॉड्यूलमध्ये आयपी_अ‍ॅड्रेस असं काही नाहीच. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं) इन्स्टॉल केलं, काढलं, परत केलं, पायथन बदललं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तोच कोड चालतो.

---

चकलीचा_सोऱ्या

ताई, तुमच्या फाइलचं नाव काय आहे?

---

ताम्हण

आयपीअ‍ॅड्रेस डॉट पीवाय... अरे देवा.

---

चकलीचा_सोऱ्या

:) सगळ्यांचं एकदा होतं. पायथन आधी तुमच्या फोल्डरमध्ये बघतं, तिथेच त्या नावाची फाइल सापडली की तीच उचलतं, म्हणजे तुमची फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करत होती. नाव बदला. ३.१३ पासून एररमध्येच लिहून येतं की बाबा या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीसारखं आहे, बदल. आणि पिपने काही टाकायची गरजच नाही, ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून हे पायथनसोबतच येतं. पिपवर त्या नावाने जे आहे ते जुन्या २.७ साठीचं.

---

ताम्हण

झालं!! दोन दिवस गेले हो यात. आता दुसरी एरर, स्ट्रिंगला व्हर्जन नाही म्हणतंय, पण ती मी बघते.

---

खडकाळ_पॉइंटर

ती पण सांगून टाकतो. नेटवर्क ऑब्जेक्ट झालाय पण आयपी तुम्ही कच्ची स्ट्रिंगच 'इन'च्या (हे त्याच्या आत आहे का विचारणारा शब्द) डावीकडे ठेवलीय. तिला आधी आयपी_अ‍ॅड्रेसमधून काढा. आणि डावीकडे चुकून नेटवर्क ठेवलंत तर एररपण येणार नाही, सरळ फॉल्स. १०.२०.८.०/२४ हे १०.२०.०.०/१६ च्या आत आहे हे शेंबडं पोरही सांगेल, पण 'इन' म्हणतो नाही. त्यासाठी सबनेट_ऑफ वापरायचं, ३.७ पासून आहे.

---

सर्वर_सांभाळे

लॅपटॉप उघडला. एक्सेप्ट काढून छापलं. हेडिंग सोडून चार ओळींवर आपटतंय, आणि पाचवी शाखा बंद आहे पण तिच्या ओळीवर एररच नाही! फाइलमधून तशाच कॉपी करून टाकतो:

०१०.०२०.००८.०००/२२
०१०.०२०.०१२.०००/२२
१०.२०. १६.०/२४
१०.२०.३६.०/२४
१०.२०.४०.० (ही एररशिवायची)

---

निवृत्त_लाइनमन

पहिल्या दोन ओळींचं सांगतो. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, हे शून्यांचं झेंगट जुनं आहे. ज्याने एक्सेल भरलं त्याला कॉलम सरळ रेषेत दिसावा असं वाटलं असणार, म्हणून तीन-तीन आकडे केले. दिसायला छान. पण सी भाषेच्या जुन्या परंपरेत आकड्याच्या आधी शून्य म्हणजे अष्टमान पद्धत. त्यामुळे ०१० म्हणजे दहा नाही, आठ. आजही लिनक्सवर ०१०.०.०.१ ला पिंग करून बघा, ते ८.०.०.१ ला जातं.

आता एक प्रोग्राम म्हणतो १०, दुसरा म्हणतो ८, आणि मधल्या फटीतून चोर आत. पायथनच्या ३.८ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही शून्यं गुपचूप चालवून घेतली जायची, २०२१ मध्ये ती सुरक्षेची चूक म्हणून नोंदली गेली आणि ३.९.५ व ३.८.१२ पासून पुढे शून्य असलेला तुकडा सरळ नाकारतात. तेव्हा मॉड्यूलला शिव्या घालू नका, ते बरोबर वागतंय.

---

बोरकूट

काका, म्हणूनच मी नेटअ‍ॅडर वापरतो (याच कामाची दुसरी लायब्ररी), ते असले नखरे करत नाही.

---

निवृत्त_लाइनमन

नखरे करत नव्हतं कारण ते ०१० ला ८ समजायचं! १.० आवृत्तीपासून (२०२४) त्यांनीही डीफॉल्ट बदललं, आता तेही नाकारतं. तुमच्याकडे जुनं असेल तर एकदा ०१० टाकून काय येतं बघा आणि मग शांत झोपा.

---

खडकाळ_पॉइंटर

बाकीच्या ओळी. तिसरीत दोन नंबरच्या टिंबानंतर स्पेस आहे. स्ट्रिप फक्त कडेच्या स्पेस काढतं, मधली राहते. जुन्या कोडला हे का चाललं ते सांगतो, आणि हीच तुमच्या सगळ्या गोंधळाची मेख आहे: इंट हे फंक्शन फार मवाळ आहे. स्पेससकट आकडा दिला, चालतो. पुढे शून्य, चालतो. ३.६ पासून मध्ये अंडरस्कोर घातला तरी चालतो, १_० म्हणजे १०. म्हणजे चार वर्षं तुमची फाइल खराबच होती, फक्त जुना कोड ती पदराखाली घेत होता.

४० वाली ओळ: तिला मास्कच नाही. मॉड्यूल म्हणतं मास्क नाही म्हणजे /३२, म्हणजे एकच पत्ता, नेमका १०.२०.४०.०. त्याच्याशिवाय कोणीच आत नाही. एरर नाही कारण चूक नाहीच, तुम्ही जे लिहिलंत ते त्याने ऐकलं. जुन्या कोडमध्ये स्लॅश नसेल तर २४ धर असं काहीतरी असणार, बघा.

३६ वाली ओळ मात्र मला एकदम बरोबर दिसतेय.

---

सर्वर_सांभाळे

बघितलं, आहे, स्लॅश नसेल तर २४. वर कमेंट आहे 'आळशी शाखांसाठी' :D

शून्यं काढली, स्पेस काढली, ४० ला /२४ लावलं. चार शाखा चालू झाल्या. खूप खूप आभार. ३६ अजून बंद. एक कॅरॅक्टर इकडचं तिकडे नाही त्यात.

---

चकलीचा_सोऱ्या

तोवर माझं एक रडगाणं. फायरवॉलच्या लॉगमधल्या लाखो ओळी, प्रत्येक आयपी ६००० सबनेटच्या यादीत बघायचा. आमच्याकडच्या एका पोराने लिहिलेलं की प्रत्येक नेटवर्कच्या होस्ट्सची (मशीनला देता येणाऱ्या पत्त्यांची) लिस्ट बनव आणि आयपी त्या लिस्टमध्ये शोध. यादीत एक /८ होतं, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१४ ऑब्जेक्ट, मशीन जागेवर बसलं. आयपीव्ही६ चं एखादं /६४ असतं तर प्रोग्राम संपायच्या आधी पोरगं रिटायर झालं असतं. शिवाय होस्ट्समध्ये नेटवर्कचा पहिला पत्ता आणि ब्रॉडकास्ट (शेवटचा) येत नाही, 'इन'मध्ये येतो, त्यामुळे उत्तरही कधीकधी वेगळं.

---

खडकाळ_पॉइंटर

हो, कारण 'इन' आत काही मोजतच नाही. कागदावर करून बघा. १०.२०.११.७७ हा १०.२०.८.०/२२ मध्ये आहे का? २२ म्हणजे पहिले दोन तुकडे पूर्ण आणि तिसऱ्यातले सहा बिट, म्हणजे मास्कचा तिसरा तुकडा २५२, बायनरीत ११११११००. आपला ११ म्हणजे ००००१०११. दोन्हींचं अँड करा (दोन्हीकडे १ असेल तिथेच १), ००००१०००, म्हणजे ८. नेटवर्कचा तिसरा तुकडाही ८. आहे आत. ११ च्या जागी १२ घ्या, ००००११००, अँड करून १२ च राहतो, बाहेर. एक अँड आणि एक तुलना, नेटवर्क केवढंही असो.

तुमच्या ६००० साठी: नेटवर्क ऑब्जेक्ट एकदाच बनवा, प्रत्येक ओळीला परत नको, बहुतेक वेळ त्यातच जातो. मग कोलॅप्स_अ‍ॅड्रेसेसने शेजारचे आणि एकमेकांच्या पोटातले एकत्र करा (व्ही४ आणि व्ही६ वेगळे ठेवा, एकत्र दिले तर टाइपएरर). तरी हळू वाटलं तर मास्कच्या लांबीप्रमाणे सेट बनवा, आयपीचा आकडा प्रत्येक लांबीने कापून सेटमध्ये आहे का बघा, व्ही४ ला जास्तीत जास्त ३३ वेळा बघायचं, ६००० वेळा नाही.

---

चकलीचा_सोऱ्या

आम्ही शेवटी पायट्रिशिया नावाची तयार लायब्ररी घेतली. सीमध्ये लिहिलेलं आहे, सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) तेच शोधून देतं, भन्नाट फास्ट. फक्त सर्वरवर कंपायलर नव्हता म्हणून बसवतानाच अर्धा दिवस गेला.

---

मी_फक्त_वाचक

आम्ही अजून स्टार्ट्सविथ वापरतो. १९२.१६८.१ ने सुरू होतो का, बस. काही प्रॉब्लेम नाही आला आजवर.

---

निवृत्त_लाइनमन

येईल. १९२.१६८.१ ने १९२.१६८.१० पण सुरू होतो आणि १९२.१६८.१०० पण. पिनकोडला ही युक्ती चालते कारण पिनकोड कायम सहा आकडी, ४१६ म्हटलं की आमचा कोल्हापूर-सांगली-सिंधुदुर्गाकडचा पट्टा, तिथे आकडा कमी-जास्त होत नाही. आयपीचा तुकडा एक ते तीन आकडी कितीही असतो. निदान शेवटी टिंब तरी लावा. आणि /२२ चं काय करणार? चार वेगळे स्टार्ट्सविथ?

---

मी_फक्त_वाचक

...लावलंय शेवटी टिंब. आत्ता लावलं. कुणाला सांगू नका.

---

पाऊस_डब्लिनचा

उशिरा आले, इकडे आत्ता संध्याकाळ. धागाकर्ते, ३६ वाल्या शाखेचा आयपी तुमच्या लॉगमध्ये नेमका कसा दिसतो? आमच्याकडे एकदा सर्वर व्ही६ सॉकेटवर ऐकत होता आणि व्ही४ वाले क्लायंट दोन टिंबं, एफएफएफएफ, मग साधा आयपी अशा अवतारात यायचे. डोळ्याला तोच आयपी दिसतो पण मॉड्यूलसाठी तो व्ही६ पत्ता, आणि व्ही६ पत्ता व्ही४ नेटवर्कमध्ये आहे का विचारलं तर एरर नाही, गुपचूप फॉल्स. आयपीव्ही४_मॅप्ड हे प्रॉपर्टी बघायचं, त्यात काही असेल तर ते वापरायचं, नसेल तर मूळ पत्ता.

---

सर्वर_सांभाळे

नाही ताई, लॉगमध्ये साधाच येतोय, आणि ती ओळ फाइल वाचतानाच आपटतेय, क्लायंटपर्यंत जातच नाही. थेट आयपीव्ही४नेटवर्क क्लास लावून बघितला वर सांगितल्याप्रमाणे. म्हणतो '१०' मध्ये फक्त दशमान अंक चालतील. अहो १० हे दशमान अंक नाहीत तर काय आहेत??

---

पाऊस_डब्लिनचा

थांबा थांबा. तुम्ही ती ओळ इथे टाइप केलीत की फाइलमधून कॉपी-पेस्ट?

---

सर्वर_सांभाळे

कॉपी-पेस्ट. म्हणजे पाचही पेस्ट केल्या, मग वाटलं इथे इंग्रजी आकडे बरे दिसत नाहीत म्हणून वरच्या तीन आणि शेवटची परत मराठीत टाइप केल्या. ३६ वाली राहू दिली, ती आधीच नीट दि

थांबा.

---

पाऊस_डब्लिनचा

:D :D :D पायथनमध्ये त्या ओळीला अस्की फंक्शन (साध्या इंग्रजी अक्षर-अंकांबाहेरचं जे असेल ते कोडमध्ये दाखवतं) लावून छापा.

---

सर्वर_सांभाळे

बॅकस्लॅश यू ०९६७, बॅकस्लॅश यू ०९६६, टिंब, बॅकस्लॅश यू ०९६८...

देवनागरी आकडे आहेत. त्या शाखेने आयपी मराठीत लिहून पाठवलाय. चार वर्षं.

---

खडकाळ_पॉइंटर

हाहाहाहा. आणि आम्ही सगळे इथे देवनागरीतच आकडे टाइप करतोय म्हणून कोणाला दिसलं नाही! मी तर 'एकदम बरोबर दिसतेय' म्हणून मोकळा झालो.

जुन्याला चाललं कारण इंटला देवनागरी आकडे कळतात, देवनागरी '१९२' दिलं तरी १९२ च देतं, इजडिजिटपण खरं म्हणतं. आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूल मात्र आधी अस्की आहे का बघतं, मग अंक आहे का.

---

बोरकूट

युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ एनएफकेसी (अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं) लावा, होईल सरळ.

---

पाऊस_डब्लिनचा

नाही होणार. एनएफकेसी जपानी कीबोर्डचे रुंद आकडे साधे करतं, देवनागरीला हात लावत नाही, कारण ते कशाचं सजवलेलं रूप नाही, स्वतंत्र अंक आहेत. करायचंच तर ट्रान्सलेटने दहा अंकांची जोडी लावून बदलायचे. पण माझं मत विचाराल तर कोडमध्ये करूच नका. फाइल सुधारा, आणि फाइल वाचताना एक जरी ओळ चुकली तर ओळ नंबर सांगून पोर्टल सुरूच होऊ देऊ नका. दार कोणाला उघडायचं याची यादी आहे ती, अंदाजाने वाचायची नाही.

---

निवृत्त_लाइनमन

सहमत. फक्त एक करा, स्लॅश नसलेली ओळही चूक धरा. ती एरर देत नाही म्हणून तीच जास्त छळते.

---

सर्वर_सांभाळे

दोन्ही केलं. ३४ च्या ३४ चालू, फोन बंद झाले.

त्या शाखेच्या मॅनेजर साहेबांना फोन केला, म्हटलं साहेब आयपी मराठीत का लिहिला. ते म्हणाले, मराठी भाषा दिनाला हेड ऑफिसचंच परिपत्रक आलं होतं, सर्व पत्रव्यवहार व तक्ते मराठीत भरावेत. शोधलं. खरंच आहे. ३४ शाखांपैकी त्यांनी एकट्यांनीच पाळलं.